मुरबाड-शहापूरला घर बांधताय? प्लॅन पास करण्याआधी मोजणी करून घ्या

‘गावाकडे कोण विचारतंय, जोता (घराचा चौथरा) घालून मोकळे व्हा’ असं सांगणारा माणूस नोटीस आली की फोन उचलत नाही. ठाणे जिल्ह्यातली मुरबाड आणि शहापूर आता नगरपंचायती आहेत. एमआरटीपी कायदा 1966 (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) तिथे ठाणे शहराइतकाच लागू आहे, आणि विनापरवाना बांधकामाला कलम 53 ची नोटीस तिथेही निघते. ग्रामीण भागात 3200 चौरस फुटांपर्यंत परवानगीशिवाय बांधायच्या सवलतीचा मेसेज अजून व्हॉट्सअॅपवर फिरतो. ती सवलत ग्रामपंचायत हद्दीतल्यांसाठी आहे. तुमची जागा नगरपंचायतीत असेल तर तो मेसेज खोडून टाका.

ठाण्यात राहून तिकडे गावच्या जागेवर घर बांधणाऱ्या नातेवाइकांच्या आणि ओळखीच्यांच्या फायली मी बरीच वर्षं फिरवतोय. त्यावरून सांगतो.

सातबारा नीट वाचा

आपलं नाव बघून कागद घडी घालू नका. ‘भूधारणा पद्धती’ आणि ‘इतर अधिकार’चे रकाने वाचा. ठाणे जिल्ह्यात तिथे चार गोष्टी हमखास सापडतात: भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), कुळकायदा कलम 43 ची अट (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय न विकण्याची), खासगी वनाची नोंद आणि आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावरचं बंधन. यातली एकही असेल तर पुढचे पैसे खर्च करण्याआधी वकिलाकडे जा. जुन्या गावठाणातल्या लोकांकडे ग्रामपंचायतीच्या काळातला नमुना 8 चा उतारा असतो आणि तोच मालकीचा पुरावा आहे असं ते शपथेवर सांगतात. तो घरपट्टीचा कागद आहे. मालकी त्याने सिद्ध होत नाही.

झोन दाखला आणि भाग नकाशा

जागा कोणत्या वापराची ते सांगणारा दाखला आणि विकास आराखड्यातला त्या भागाचा नकाशा. अर्ज करा, शुल्क भरा, घ्या. रहिवास झोन निघाला तर पुढे चला. शेती झोन असेल तर फार्महाऊसलासुद्धा किमान 0.40 हेक्टर जागा लागते, म्हणजे जवळजवळ एक एकर. पाच गुंठ्यांच्या ‘फार्महाऊस प्लॉट’ची जाहिरात करणारे हे सांगत नाहीत.

मोजणी

बहुतेक फायली इथेच आडव्या पडतात. लोक आधी आर्किटेक्टकडून नकाशा काढून घेतात, थ्रीडी चित्रही बनवतात, नातेवाइकांना पाठवतात, आणि मग कोणीतरी ‘क’ प्रत, म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणी नकाशाची प्रत मागतं. हा क्रम उलटा आहे.

डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत क्षेत्रफळाचा जो तक्ता भरावा लागतो, त्यात एकाच जागेची तीन क्षेत्रं लिहायची असतात: मालकीच्या कागदावरचं, मोजणी नकाशातलं आणि प्रत्यक्ष जागेवरचं. तिन्हींत जे सर्वांत कमी, तेच धरतात. आता गंमत बघा. खरेदीखतात ‘5 गुंठे, 5445 चौरस फूट’ असं असतं. सातबाऱ्यावर तीच जागा 0.05.00, म्हणजे 5 आर, म्हणजे 500 चौरस मीटर, म्हणजे साधारण 5382 चौरस फूट. इथे कारकुनाचं काही चुकलेलं नाही. गुंठा आणि आर ही मापंच थोडी वेगळी आहेत. साठेक चौरस फूट कागदावरच गेले, आणि अजून जागेवर टेप लावलेला नाही.

पण हा फरक किरकोळ. खरं दुखणं पोटहिश्श्याचं आहे. गट एक, नावं चार, आणि तुमच्या नावापुढे पाच आर. हे पाच आर नेमके कुठले, रस्त्याकडचे की ओहोळाकडचे, हे सातबारा सांगत नाही. आजोबांनी बोटाने दाखवलेली जागा परवानगीला चालत नाही. पोटहिस्सा मोजणी करावी लागते, आणि तिला सगळ्या सहधारकांची संमती लागते. सगळ्या म्हणजे लग्न होऊन नाशिकला गेलेल्या आत्याचीसुद्धा. तिचं नाव सातबाऱ्यावर असेल तर तिच्या सहीला तुमच्या काकांच्या सहीइतकाच मान आहे. सह्या जमत नसतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटपाचा अर्ज, आणि मग धीर धरा. ‘नंतर बघू’ म्हणून मोघम संमतीपत्र जोडून फाईल सादर करू नका. ती परत येते.

अर्ज ई-मोजणीवर ऑनलाइन होतो. त्यात लगतच्या कब्जेदारांची नावं ताज्या सातबाऱ्यावरून घ्या. शेजारच्या सातबाऱ्यावर वारलेल्या माणसाचं नाव असेल तर त्याच्या वारसांचा पत्ता काढा, नाहीतर नोटीस परत येते आणि मोजणीच्या दिवशी वारस ‘आम्हाला कळवलंच नाही’ म्हणून उभे राहतात. तारीख भातकापणीनंतरची पडेल असा अर्ज करा. उभ्या भातात आणि गुडघाभर चिखलात हद्दीच्या खुणा कोणी शोधत नाही. नियमित आणि द्रुतगती यांत निवड असेल तर द्रुतगतीचे जास्तीचे पैसे भरा. घराच्या खर्चात ते काहीच नाहीत.

मुरबाडजवळच्या एका मोजणीत भूकरमापकाने रोव्हरची (उपग्रहावरून मोजणाऱ्या यंत्राची) काठी टेकवली ती थेट शेजाऱ्याच्या सागाच्या रांगेच्या पलीकडे. म्हणजे दोन साग आमच्या हद्दीत. शेजारी खुणेच्या दगडावरच बसला, उठेना. हरकत नोंदवली गेली, काम अडलं आणि सगळा हंगाम त्यात गेला. सुटलं ते पुढच्या वर्षी, मोजणीच्या आधी गावातल्या एका जाणत्या माणसाला घेऊन शेजाऱ्याच्या ओटीवर बसल्यावर. सागांना हात लावणार नाही, हे त्याला लिहून हवं होतं. तेवढंच. तेव्हापासून मी मोजणीची नोटीस पोहोचण्याआधी शेजाऱ्याकडे स्वतः जातो. सरकारी पाकिटातून बातमी कळलेला शेजारी निम्मा चिडूनच येतो.

आणि भूमी अभिलेख कार्यालयाचा शिक्का नसलेल्या कुठल्याही मोजणीवर तारेचं कुंपण घालू नका.

रस्ता

‘क’ प्रतीत जागेपर्यंतचा रस्ता दिसतोय का ते पाहा. दिसत नसेल तर वहिवाटीचा पुरावा किंवा ज्याच्या जमिनीतून जाता त्याचं नोंदणीकृत संमतीपत्र जोडा. कल्याण-मुरबाड रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. त्याच्या कडेच्या जागेला महामार्गाच्या इमारत रेषेपर्यंत (जिच्या पुढे बांधकाम चालत नाही) मागे सरकावं लागतं, आणि छोट्या जागेत तेवढ्याने घरच उरत नाही.

नकाशा आणि अर्ज

आता आर्किटेक्ट. परवानाधारक, आणि त्या नगरपंचायतीत आधी काम केलेला घ्या. ठाण्यातल्या टॉवरवाल्याला गावठाणातल्या सामाईक भिंतीची सवय नसते. अर्ज तोच ऑनलाइन भरतो. 300 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांना नियमावलीत सोपी आणि जलद वाट आहे, तीत आर्किटेक्टच्या प्रमाणपत्रावर बरंच काम होतं.

60 दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं धरतात, हेही तुम्हाला कोणीतरी सांगेल. कायद्यात ती तरतूद आहे, पण बांधकाम नियमांत पूर्ण बसत असेल तरच. शिवाय मधे त्रुटीचं पत्र आलं असेल तर दिवस तुमच्या उत्तरापासून पुन्हा मोजतात. त्या भरवशावर खड्डा खणू नका. त्रुटीच्या पत्राला लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या.

शुल्क

विकास शुल्क, छाननी शुल्क, सुरक्षा ठेव. बांधकामाचा खर्च कायद्याने ठरवलेल्या मर्यादेवर असेल तर कामगार उपकरही. सगळ्याच्या पावत्या घ्या. पावती नसलेलं काहीही शुल्क नाही.

जोता आणि भोगवटा

प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करायची परवानगी) हातात पडल्यावरच कुदळ मारा. जोता झाला की तपासणीसाठी कळवा आणि तोवर गवंड्याला भिंत उचलू देऊ नका. गवंडी घाई करतोच. प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची, दरवर्षी वाढवून एकूण चार वर्षांपर्यंत नेता येते. वाढीचा अर्ज मुदत संपायच्या आत द्या. घर झालं की भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जायची परवानगी) घ्या. कलशसुद्धा आधी ठेवू नका, नातेवाईक राहायला येतात आणि मग अर्ज करायचं राहूनच जातं.