पुन्हा चार्ज होणारे पेन्सिल सेल: निवड आणि निगा

रिचार्जेबल सेल घेऊन पस्तावलेल्यांची तक्रार बहुधा एकाच वाक्यात मावते: चार-सहा महिन्यांत सेल बसले. दोष सेलांना दिला जातो. पण माझ्या मते अशा घरात आधी पाहावा तो सेलांच्या पाकिटाबरोबर जवळजवळ फुकट आलेला आणि रात्रभर सॉकेटला लटकणारा चार्जर. म्हणून येथे सेलांच्या निवडीइतकीच जागा चार्जरला दिली आहे.

खरेदीपूर्वी सेल कोठे घालायचे आहेत, हे ठरवावे. भिंतीवरचे घड्याळ किंवा टीव्हीचा रिमोट इतकी कमी वीज घेतो की त्यात साधा सेल वर्षभर किंवा त्याहूनही अधिक चालतो. तेथे रिचार्जेबल सेल घालणे म्हणजे तो अडकवून ठेवणे होय. गॅस गीझरच्या ठिणगीसाठी लागणारे मोठे सेलही मी साधेच वापरतो, कारण त्या आकाराचा चांगला रिचार्जेबल सेल आणि तो बसेल असा चार्जर या दोन्ही गोष्टी शोधत फिरावे लागते. याउलट मोटार असलेली खेळणी, कॅमेऱ्याचा फ्लॅश, गेमचा कंट्रोलर, वायरलेस माइक आणि रोजच्या वापरातली विजेरी ही उपकरणे सेल भराभर संपवतात. रिचार्जेबल सेलांचे पैसे वसूल होतात ते येथेच.

घरगुती वापरासाठी आज निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे सेल सर्वांत सोयीचे आहेत. त्यांच्यावर १.२ व्होल्ट आणि साध्या सेलांवर १.५ व्होल्ट लिहिलेले पाहून अनेकजण बिचकतात. प्रत्यक्षात साध्या सेलाचा विद्युतदाब १.५ व्होल्टपासून सुरू होऊन वापरासोबत सतत उतरत जातो, तर निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टच्या आसपास बराच काळ टिकून राहतो आणि शेवटी एकदम खाली येतो. त्यामुळे बहुतेक उपकरणे या सेलांवर व्यवस्थित चालतात. मात्र काही उपकरणांतील बॅटरीची खूण साध्या सेलांच्या हिशेबाने बसवलेली असल्यामुळे नव्याने भरलेले सेलही ती अर्धे दाखवते. त्या खुणेकडे फारसे लक्ष देऊ नये.

पाकिटावरचा एमएएचचा (मिलिअँपिअर-अवर) आकडा सेलात किती वीज साठते ते सांगतो, आणि ग्राहक नेमका येथेच फसतो. डबल ए (नेहमीच्या पेन्सिल सेलाच्या) आकाराच्या चांगल्या सेलाची क्षमता सुमारे २००० एमएएच, तर त्याहून बारीक अशा ट्रिपल ए आकाराच्या सेलाची ८०० एमएएचच्या आसपास असते. डबल ए आकारात २७००-२८०० एमएएच ही या तंत्राची जवळपास कमाल मर्यादा असल्याने ज्या पाकिटावर ३५०० किंवा ४००० छापले आहे, ते पाकीट खाली ठेवून पुढे जावे. खऱ्या मोठ्या क्षमतेलाही किंमत मोजावी लागते. एनेलूप या नावाने विकल्या जाणाऱ्या रिचार्जेबल सेलांच्या मालिकेचे उदाहरण घ्या: कंपनीच्या आकड्यांनुसार किमान १९०० एमएएचचा सेल सुमारे २१०० वेळा भरता येतो, तर किमान २५०० एमएएचचा सेल केवळ ५०० वेळा. हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत, घरी ते तसेच येणार नाहीत. पण त्यांतली तफावत बोलकी आहे. फ्लॅश वापरणारा छायाचित्रकार सोडला तर घरासाठी २००० एमएएचचा सेलच शहाणपणाचा.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की सेल नुसता ठेवला तर किती दिवसांत उतरतो. जुन्या धाटणीचे निकेल-मेटल हायड्राइड सेल महिन्याभरात पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक चार्ज गमावत असत. सॅन्योने २००५ मध्ये एनेलूप बाजारात आणले तेव्हा वर्षभरानंतरही बहुतांश चार्ज टिकवणारे सेल घरोघरी मिळू लागले, आणि आता अनेक कंपन्या तसे सेल बनवतात. पाकिटावर ‘प्री-चार्ज्ड’ किंवा ‘रेडी टू यूज’ असे लिहिलेले असल्यास तो सेल बहुधा याच जातीचा समजावा.

अलीकडे यूएसबीने भरता येणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेलही दिसू लागले आहेत. त्यांच्या पोटात दाब स्थिर ठेवणारे छोटे सर्किट असते, त्यामुळे उपकरण शेवटपर्यंत जोमाने चालते आणि मग पूर्वसूचना न देता बंद पडते. असे सेल निकेल-मेटल हायड्राइडच्या चार्जरमध्ये कधीही घालू नयेत. डबल एसारखाच दिसणारा ३.७ व्होल्टचा लिथियम सेल तर १.५ व्होल्टच्या उपकरणात घातल्यास ते उपकरण जळू शकते.

आता चार्जरकडे वळू. स्वस्त चार्जर सेल भरला की नाही हे पाहतच नाही. तो फक्त वीज ढकलत राहतो, आणि भरलेल्या सेलात ढकललेली वीज उष्णतेत बदलून सेल आतून सुकवते. चांगला चार्जर प्रत्येक सेलावर स्वतंत्र लक्ष ठेवतो आणि पूर्ण भरल्यावर सेलाच्या दाबात होणारी काही मिलिव्होल्टची घसरण ओळखून थांबतो. दुकानात एकच गोष्ट विचारावी: एकटा सेल भरता येतो का? सेल जोडीनेच घालावे लागत असतील, तर तो चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासत नाही. वेळेचा अंदाज सोपा आहे. २००० एमएएचच्या सेलाला ५०० मिलिअँपिअरने साधारण पाच तास लागतात. पंधरा मिनिटांत भरून देणाऱ्या चार्जरचा मोह टाळावा. भरताना शेवटी सेल कोमट होणे स्वाभाविक आहे, पण बोटांना चटका बसत असेल तर तो ताबडतोब काढावा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा सेल दुपारी न भरता पहाटे भरावेत आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नयेत.

सेल पूर्ण रिकामे करूनच भरावेत, हा सल्ला निकेल-कॅडमियम सेलांच्या काळातला आहे. आजच्या सेलांना अर्धवट भरण्याने काही होत नाही. उलट तळापर्यंत रिकामे करण्यानेच ते बिघडतात. विजेरी रात्रभर चालू राहिली, तर ओळीतला सर्वांत दुबळा सेल आधी संपतो आणि उरलेले सेल त्यातून प्रवाह ढकलत राहून त्याची धन-ऋण टोके उलटी करतात. म्हणूनच प्रकाश मंदावताच सेल काढावेत आणि चौकडी कधी मोडू नये: एकाच दिवशी घेतलेले सेल एकत्रच वापरावेत, एकत्रच भरावेत. मी प्रत्येक सेलावर मार्करने खरेदीचा महिना आणि जोडीचे अक्षर लिहितो. घरचे हसतात, पण कोणता सेल कोणाचा जोडीदार हा वाद पुन्हा झालेला नाही.

वापरात नसलेले सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवावेत. खणात किल्ल्या आणि नाण्यांबरोबर सुटे टाकलेले सेल शॉर्ट होऊन तापतात. कोकणातल्या दमट हवेत डबी घट्ट झाकणाची असावी आणि टोकांवर पांढरट थर दिसल्यास तो कोरड्या फडक्याने पुसावा. सेल फ्रिजमध्ये ठेवण्याची गरज नाही. बाहेर काढल्यावर त्यांवर पाणी धरते ते वेगळेच.

भरल्यावरही लगेच उतरणारा किंवा चार्जर वारंवार नाकारतो तो सेल बाद समजावा, पण कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या घरगुती कचऱ्यापासून वेगळ्या ठेवणे ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे, आणि सेलावरील फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र त्याचसाठी असते. टोकांवर चिकटपट्टी लावून असे सेल एका बरणीत साठवावेत आणि बरणी भरली की ई-कचरा संकलन केंद्रावर नेऊन द्यावी.