अमेरिकेत स्पीच थेरपिस्ट म्हणून येताय? पगाराचा हिशेब सही करण्याआधी करा

भारतातून शिकून इकडे येणाऱ्या मुली मला विचारतात, "ताई, तासाला पन्नास डॉलर देतायत, घेऊ का?" मी उलट विचारते, कुठल्या तासाला? फक्त मूल समोर बसलेलं असेल त्या तासाला, की रिपोर्ट लिहिण्याच्याही? शाळेला सुट्टी असेल त्या आठवड्याचं काय? पेशंट आलाच नाही तर? बहुतेक जणींनी हे विचारलेलंच नसतं आणि ऑफर लेटरवर सही होऊन गेलेली असते. म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते आहे.

आधी आकडा. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या मे २०२४ च्या आकडेवारीत स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्टचं (स्पीच थेरपिस्टचं इथलं अधिकृत नाव) मध्यक वेतन वर्षाला ९५,४१० डॉलर आहे. म्हणजे निम्म्या लोकांना याहून जास्त मिळतं, निम्म्यांना कमी. आदल्या वर्षी ते ८९,२९० होतं. नर्सिंग होममध्ये पगार सगळ्यात जास्त, त्याखालोखाल हॉस्पिटलं, आणि शाळांमध्ये त्याहून कमी. तरी या व्यवसायातला सगळ्यात मोठा गट शाळांमध्येच आहे, दहातले साधारण चार जण. कॅलिफोर्नियातले आकडे मोठे दिसतात, पण तिथली घरभाडीही तशीच. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही. गावागावातला फरक घरभाडं वजा करून मगच बघा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. आशा (ASHA) या अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेचं सीसीसी हे प्रमाणपत्र, प्रॅक्सिस परीक्षा (१६२ गुण लागतात) आणि ज्या राज्यात काम करणार तिथलं लायसन्स, या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. आशाचा परस्पर मान्यतेचा करार ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेतल्या संस्थांशी आहे. भारत त्यात नाही, त्यामुळे आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी इथे थेट चालत नाही. पदवीचं विषयवार मूल्यमापन करून घ्यावं लागतं. शिकताना केलेल्या क्लिनिकच्या तासांची सही-शिक्क्याची नोंद जपा, इथे ४०० तास मोजून मागतात. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या गुणपत्रिका भारतातून निघण्याआधीच सीलबंद पाकिटात काढून ठेवा. इथून फोनवर ते काम करायचं म्हणजे नातेवाइकांना रांगेत उभं करणं. व्हिसावर काम करायचं असेल तर व्हिसास्क्रीन प्रमाणपत्रही (परदेशात शिकलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची पात्रता तपासून मिळणारं) लागतं, आणि ते वेळखाऊ आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती. भारतातल्या नोकरीचं अनुभवपत्र आणल्याशिवाय विमानात बसू नका.

इथल्या सरकारी शाळांमध्ये पगाराचा तक्ता असतो. उभ्या बाजूला अनुभवाची वर्षं, म्हणजे पायऱ्या. आडव्या बाजूला शिक्षण: मास्टर्स, मास्टर्स अधिक १५ क्रेडिट, अधिक ३०, असं करत पुढे. तुम्हाला कामावर घेताना एका चौकटीत बसवतात आणि तिथून दरवर्षी एकेक पायरी वर चढायची. पहिली चौकट चुकली की ती चूक दरवर्षी तुमच्याबरोबर चालत राहते. माझ्या ओळखीची एक मुलगी मुंबईच्या महापालिका रुग्णालयात सहा वर्षं काम करून आली होती. तिला पहिल्या पायरीवर घेतलं, कारण अर्जात परदेशातल्या अनुभवाचा रकाना तिने रिकामा ठेवला. तिला वाटलं, इथे कोण मोजणार? वर्षभराने एक सहकारी म्हणाली, "अगं, माझी बाहेरची चार वर्षं धरली त्यांनी." ही धावत ऑफिसात गेली, तर उत्तर मिळालं की पायरी नेमणुकीच्या वेळीच ठरते, नंतर बदलत नाही. पायरीमागे समजा हजार-बाराशे डॉलरचा फरक धरला, तर सहा पायऱ्यांचे वर्षाला सहा-सात हजार. शिवाय जिथे पेन्शन शेवटच्या वर्षांच्या पगारावर ठरते तिथे तो फरक म्हातारपणापर्यंत जातो.

प्रत्येक डिस्ट्रिक्ट (सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) परदेशातला अनुभव धरेलच असं नाही. काही निम्मा धरतात, काहींनी वरची मर्यादा घातलेली असते. पण मागितल्याशिवाय कुणीच देत नाही, आणि पुराव्याशिवाय मागता येत नाही. पत्र संस्थेच्या लेटरहेडवर हवं, पद स्पष्ट हवं, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख हवी, पूर्णवेळ होतात की अर्धवेळ आणि आठवड्याला किती तास हेही हवं. "सदर उमेदवार मेहनती व होतकरू आहे" असल्या पत्राचा इथे काही उपयोग नाही. खाजगी क्लिनिकमध्ये काम केलं असेल तर क्लिनिकच्या मॅडमकडून पत्राबरोबर पगाराच्या पावत्याही घ्या. जमलं तर दोन प्रती. पत्र आणा, पत्र आणा, पत्र आणा!

शाळेत काम करायचे दोन मार्ग: थेट डिस्ट्रिक्टची नोकरी किंवा एजन्सीमार्फत. एजन्सी तासाचा दर मोठा सांगते आणि नवखी मुलगी तिथेच फसते. तासाला ५० डॉलर, आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे १,०४,००० असा हिशेब ती मनात करते. प्रत्यक्षात शाळेचा आठवडा साडेसदतीस तासांचा आणि वर्ष सुमारे ३६ आठवड्यांचं, म्हणजे ६७,५००. त्यातून बर्फामुळे शाळा बंद राहिली तर ते दिवस गेले, आजारपणाची पगारी रजा नसली तर तेही गेले, आणि आरोग्यविम्याचा हप्ता स्वतःच्या खिशातून. डिस्ट्रिक्टच्या तक्त्यावरचे ७०,००० आकड्याने किरकोळ वाटतात, पण त्यात विमा, पेन्शन आणि रजा असतात. डिस्ट्रिक्टचे तक्ते बहुधा त्यांच्या वेबसाइटवरच असतात, मुलाखतीआधी उघडून बघा. आणि केसलोड विचारा. त्याच पगारात कुणी ४० मुलं सांभाळतं, कुणी ७०, आणि प्रत्येक मुलामागे आयईपीच्या (मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या) बैठका आणि मेडिकेडच्या (कमी उत्पन्न गटाच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) नोंदी आल्याच.

नर्सिंग होमचा पगार जास्त का, आणि तो कसा वसूल होतो, हेही समजून घ्या. तिथे प्रॉडक्टिव्हिटी नावाचा प्रकार असतो. ९० टक्के म्हणाले, तर आठ तासांतली ४३२ मिनिटं पेशंटबरोबर बिलात लावता येतील अशी हवीत. उरलेल्या ४८ मिनिटांत नोट्स, नर्सशी बोलणं, फोन, सगळं. आता दुपारच्या जेवणाची वेळ बघा. पक्षाघात झालेले आजोबा, गिळताना ठसका लागतो म्हणून घट्ट केलेलं पाणी चालू आहे. तुम्हाला ते जेवताना बघायचेत. ट्रे यायला वीस मिनिटं उशीर. आला तर त्यावर साधं, पातळ पाणी. मग नर्सला शोधा, किचनला कळवा, पाणी बदलून आणा. आजोबांच्या फुप्फुसात पाणी जाऊ नये म्हणून केलेली ही सगळी धावपळ तुमच्या टक्केवारीत धरली जात नाही. म्हणून मुली नोट्स घरी नेतात आणि रात्री फुकट लिहितात. असं करू नका. पगार तासावर असेल तर केलेल्या प्रत्येक तासाचे पैसे देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे.

यामागचं कारण असं: १ ऑक्टोबर २०१९ पर्यंत मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, नर्सिंग होमला थेरपीच्या मिनिटांवर पैसे देत असे. त्या दिवसापासून ते पेशंटच्या स्थितीवर ठरू लागले. त्यातला स्पीच थेरपीचा वाटा ठरवताना मेंदूचा तीव्र आजार, बौद्धिक क्षमतेतली घट, गिळण्याचा त्रास, मऊ केलेला आहार अशा गोष्टी बघतात. म्हणजे तुम्ही जास्त वेळ दिलात म्हणून संस्थेला जास्त पैसे येत नाहीत. त्या बदलानंतर अनेक ठिकाणी थेरपिस्ट कमी केले, तास कापले. म्हणून तिथे दरापेक्षा आठवड्याचे किती तास नक्की, हे लेखी घ्या. बाह्यरुग्ण क्लिनिकचं गणित निराळं. फिजिओथेरपिस्ट बरेचसं बिल पंधरा मिनिटांच्या हिशेबाने लावतो. आपली वाचा-भाषेची थेरपी ९२५०७ या कोडखाली सत्राला एकदाच लागते, मग सत्र अर्ध्या तासाचं असो की तासाचं. क्लिनिकवाले तीस-तीस मिनिटांची सत्रं का लावतात ते यावरून कळेल.

होम हेल्थमध्ये, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन करायच्या कामात, भेटीमागे पैसे मिळतात. दोन घरांमधला गाडीचा वेळ आणि पेट्रोल कोण देणार ते विचारा. पीआरएनचा, म्हणजे गरज पडेल तेव्हाच बोलावतात त्या कामाचा, दर जास्त असतो कारण बाकी काहीच मिळत नाही. ट्रॅव्हल काँट्रॅक्ट, म्हणजे दुसऱ्या गावी जाऊन करायचं साधारण १३ आठवड्यांचं काम, नव्याने आलेल्यांनी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातला राहण्याखाण्याचा भत्ता करमुक्त धरायचा तर अमेरिकेतच दुसरीकडे तुमचं कायमचं घर हवं आणि त्याचा खर्च चालू हवा. तुमचं कायमचं घर ठाण्यात असेल तर तो भत्ता करपात्र आहे, आणि हे एजन्सी आपणहून सांगत नाही.

पहिलं वर्ष क्लिनिकल फेलोशिपचं, म्हणजे सीसीसीसाठी देखरेखीखाली काम करण्याचं: किमान ३६ आठवडे आणि १,२६० तास. पगार कमी असणार, ते मान्य करा. पण सीसीसी हातात आल्यावर किती वाढ मिळणार ते ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. इथे मास्टर्स करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आपला विषय स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ज्या विषयांना जास्त मुदत मिळते त्यांत) धरत नाहीत. ओपीटी (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी) बारा महिन्यांचीच, आणि त्यातला मोठा भाग फेलोशिपमध्येच जातो.

आपल्या लोकांबद्दल एक बोलते, राग आला तरी चालेल. "ह्यांचा पगार आहे ना, माझं आपलं वरखर्चाला" हे मी मंडळाच्या कार्यक्रमांत इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. सहा वर्षं शिकलेली, माणसाला पुन्हा बोलतं आणि गिळतं करणारी बाई स्वतःच्या कामाला वरखर्च म्हणते, आणि मग पुढच्या मराठी मुलीलाही तोच दर सांगितला जातो. नवऱ्याच्या नोकरीतून विमा मिळत असेल तर तो मुद्दा दर वाढवून मागायला वापरा. पगाराबद्दल एकमेकींत बोला. खाजगी नोकरीतसुद्धा बहुतेक कर्मचाऱ्यांना तो हक्क कायद्यानेच दिलेला आहे.

दुसरी भीती उच्चारांची. आपलं इंग्रजी भारतीय वळणाचं म्हणून मुली कमी पगार मुकाट्याने घेतात. आशाची भूमिका स्वच्छ आहे: निदान आणि उपचार नीट करता येत असतील तर उच्चाराच्या ढंगावरून कुणाला अडवू नये. स्पॅनिश येणाऱ्यांना अनेक ठिकाणी वरचा भत्ता मिळतो. मराठी, हिंदी, गुजरातीसाठी तो सहसा नसतो, पण न्यू जर्सीसारख्या ठिकाणी द्विभाषिक मूल्यमापनाची कामं वेगळ्या मानधनावर मिळतात. त्याबद्दल विचारत राहा.

व्हिसाचं सध्या कठीण आहे. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेनुसार भारतात असलेल्या उमेदवारासाठी मालकाने केलेल्या नव्या एच-१बी (कामाच्या व्हिसाच्या) अर्जाला एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, त्यामुळे थेट नोकरीवर येण्याची वाट फार अरुंद झाली. ग्रीन कार्डासाठी फिजिओथेरपिस्टना शेड्यूल ए ची सवलत आहे (अमेरिकी उमेदवार मिळत नाही हे मालकाला वेगळं सिद्ध करावं लागत नाही), आपल्याला नाही. एच-१बी मिळालाच तर मालकाने कामगार खात्याकडे भरलेल्या एलसीएची (वेतन आणि कामाच्या अटींच्या हमीपत्राची) प्रत मागून घ्या. रुजू होण्याच्या दिवसापर्यंत ती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. त्यात वेतनाची पातळी एक ते चार यांपैकी एक लिहिलेली असते. अनुभवी असून पातळी एक दिसली तर कारण विचारा. आणि पेशंट नाहीत म्हणून "या आठवड्यात येऊ नका, पगारही नाही" असं सांगितलं, तर एच-१बीवर ते चालत नाही. काम दिलं नाही तरी एलसीएवरचं वेतन द्यावंच लागतं. असं झालं तर तारखा लिहून ठेवा, ईमेल जपा आणि मालकाच्या वकिलाकडे न जाता स्वतःचा वकील गाठा.