रिटर्नचा वाद: निकाल कशावर लागतो आणि विक्रेत्याने काय जपून ठेवायचं

रिटर्नचा वाद मार्केटप्लेसकडे (ईबे, अ‍ॅमेझॉनसारख्या ऑनलाइन विक्रीच्या साइटकडे) गेला की निकाल देणाऱ्याने तुमची वस्तू कधीच पाहिलेली नसते. त्याच्यासमोर असतं लिस्टिंग (साइटवरचं वस्तूचं वर्णन आणि फोटो), ट्रॅकिंग, चॅटमधले मेसेज आणि दोन्ही बाजूंनी अपलोड केलेले फोटो. अनेक केसेस तर माणसापर्यंत पोचतही नाहीत, सिस्टीमच ट्रॅकिंग तपासून त्या बंद करते. त्यामुळे तुमचं म्हणणं खरं असलं तरी ते फाइलमध्ये दिसत नसेल, तर उपयोग नाही.

तक्रार आली की आधी तिचं कारण वाचा, कारण पुरावा त्यावर ठरतो. 'पार्सल मिळालं नाही' अशी तक्रार असेल तर वस्तूचे फोटो कोणी पाहणार नाही. तिथे एकच गोष्ट चालते: ऑर्डरवरच्या पत्त्यावर डिलिव्हरी झाल्याचं दाखवणारं ट्रॅकिंग. इथली नेहमीची चूक म्हणजे खरेदीदाराने मेसेजमध्ये दिलेल्या वेगळ्या पत्त्यावर माल पाठवणं. तसं केलंत की विक्रेता म्हणून साइटकडून मिळणारं संरक्षण गेलं. पत्ता बदलायचा असेल तर ऑर्डर रद्द करून नव्याने घ्यायला सांगा. महाग वस्तूला नुसतं 'डिलिव्हर्ड' पुरत नाही. ईबेवर ७५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या ऑर्डरला सही घेतल्याची नोंद लागते.

'मन बदललं', 'माप बसलं नाही' या प्रकारात तुमची रिटर्न पॉलिसी लागू होते आणि परतीचा खर्च बहुधा खरेदीदाराचा असतो.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही'. लिस्टिंगमध्ये 'रिटर्न घेतले जाणार नाहीत' असं लिहिलं असलं तरी इथे ते चालत नाही. ईबेवर अशी तक्रार डिलिव्हरीनंतर ३० दिवसांपर्यंत करता येते आणि परतीचा खर्च विक्रेत्यावर येतो. पेपॅलवर (ऑनलाइन पैसे भरण्याच्या सेवेवर) वाद उघडायला पैसे भरल्यापासून १८० दिवस मिळतात आणि तिथलं विक्रेता संरक्षण या प्रकाराला लागूच होत नाही. म्हणजे इथे वाचवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे लिस्टिंगमधलं वर्णन. 'उत्तम स्थितीत' या शब्दांनी काहीच सिद्ध होत नाही. 'मागच्या बाजूला डाव्या कोपऱ्यात ४ मिमी ओरखडा, फोटो ६ पाहा' या ओळीने होतं. दोष कुठे आहे, केवढा आहे आणि कोणत्या फोटोत दिसतो, हे तिन्ही लिहा. काय तपासलं नाही तेही लिहा.

परतीचा खर्च टाळायला काही जण 'मन बदललं'ऐवजी 'वर्णनाप्रमाणे नाही' निवडतात. अशा वेळी आरोप करू नका. चॅटमध्ये शांतपणे एकच प्रश्न विचारा: 'नेमकी कोणती गोष्ट वर्णनापेक्षा वेगळी आहे? फोटो पाठवाल का?' 'छान आहे, पण मला मोठी हवी होती' असं उत्तर आलं तर तोच मेसेज तुमचा पुरावा. म्हणूनच फोनवर बोलणी करू नयेत.

पॅकिंगच्या वेळी चार फोटो काढायची सवय लावा: पूर्ण वस्तू, सिरियल नंबर जवळून, उघड्या खोक्यात ठेवलेली वस्तू, आणि वजनकाट्यावर बंद खोकं, लेबल आणि आकडा दोन्ही वाचता येतील असं. वजन फार कामाचं असतं, कारण कुरिअरही त्याची नोंद ठेवतो. जाताना १.८४ किलो भरलेलं खोकं परत येताना ०.६२ किलो भरलं, तर ही तफावत तुमच्या शब्दावर अवलंबून राहत नाही.

रिटर्न आलेलं पार्सल लगेच फोडू नका. आधी सहाही बाजूंचे आणि लेबलचे फोटो, मग वजन, मग न थांबवता एक सलग व्हिडिओ. सुरुवात लेबलपासून, शेवट सिरियल नंबरवर. मध्ये कट असेल तर वस्तू बदलल्याची शंका तुमच्यावरच येते. हे पार्सल मिळालं त्याच दिवशी करा. ईबेवर परत आलेला माल मिळाल्यावर रिफंडसाठी कामाचे २ दिवस असतात. वेगळी किंवा मोडकी वस्तू निघाली तर त्याच मुदतीत केसमध्ये तक्रार नोंदवा. वस्तू वापरून किंवा खराब करून परत आली, तर ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या विक्रेत्याला तिथे रिफंडमधून ५० टक्क्यांपर्यंत रक्कम कापता येते. अ‍ॅमेझॉनवर अशा भरपाईसाठी सेफ-टी क्लेम आहे.

मुदत चुकली की बाजू बरोबर असूनही केस हातची जाते. ईबेवर रिटर्नच्या मागणीला उत्तर द्यायला कामाचे ३ दिवस मिळतात, त्यानंतर खरेदीदार ईबेला मध्ये पडायला सांगू शकतो. अ‍ॅमेझॉनवर ए-टू-झेड क्लेमआधी (खरेदीदाराने थेट साइटकडे पैसे परत मागण्याआधी) खरेदीदाराने विक्रेत्याला ४८ तास द्यायचे असतात. हे तास वाया घालवू नका. मंजूर झालेला क्लेम ऑर्डर डिफेक्ट रेटमध्ये (बिघडलेल्या ऑर्डरींच्या टक्केवारीत) मोजला जातो आणि तो १ टक्क्याच्या आत ठेवावा लागतो.

उत्तर सहा-सात ओळींचं ठेवा, तारखांच्या क्रमाने: ऑर्डर कधी, माल कधी पाठवला, ट्रॅकिंग नंबर, डिलिव्हरी कधी, तक्रारीतला मुद्दा, त्याबद्दलची लिस्टिंगमधली ओळ, फोटोंचे क्रमांक. खरेदीदाराच्या हेतूबद्दल एकही शब्द नको. तपासणाऱ्याला त्यातून काही पडताळता येत नाही, आणि महत्त्वाचा पुरावा मात्र खाली ढकलला जातो.

रिफंड नेहमी केसमधूनच द्या. बाहेरून पैसे पाठवले तर सिस्टीममध्ये केस उघडीच राहते आणि तेच पैसे दुसऱ्यांदा जाऊ शकतात. खरेदीदारानेही हीच काळजी घ्यावी. पेपॅलवर वाद उघडल्यापासून २० दिवसांत त्याचं क्लेममध्ये (पेपॅलनेच निकाल द्यावा अशा मागणीत) रूपांतर केलं नाही तर तो बंद होतो आणि पुन्हा उघडता येत नाही. 'पैसे देतो, आधी तक्रार मागे घ्या' असं कोणी म्हटलं तर पैसे येईपर्यंत ती मागे घेऊ नये.

चार्जबॅक, म्हणजे खरेदीदाराने थेट आपल्या कार्डाच्या बँकेकडून पैसे परत मागणं, वेगळा. तिथे निर्णय मार्केटप्लेसचा नसतो, कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्कचे नियम तो ठरवतात. तुमचे कागद सहसा मार्केटप्लेसमार्फतच पुढे जातात, म्हणून मागितल्या दिवशीच ते द्या.

केस विरोधात गेली तर ईबे आणि अ‍ॅमेझॉन दोन्हीकडे अपीलला ३० दिवस असतात. तेच मुद्दे पुन्हा लिहून निकाल सहसा बदलत नाही. अपिलात आधी न दिलेलं काहीतरी हवं: कुरिअरकडून मिळवलेली सहीची प्रत, वजनाची नोंद किंवा सिरियल नंबर जुळत नसल्याचे दोन फोटो शेजारी शेजारी.