फोन घेण्याआधी कुलूप तपासा: सिमचं आणि हप्त्याचंही

साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगलीत मारुती रोडला कुठल्याही दुकानात ‘फोन अनलॉक आहे ना?’ असं विचारलं, तर ‘हो’ असंच उत्तर मिळतं. पण या एका शब्दात तीन वेगवेगळी कुलपं दडलेली असतात. पहिलं सिमचं. असा फोन एकाच कंपनीच्या कार्डावर चालतो. दुसरं हप्त्याचं. हप्ता थकला की फायनान्स कंपनी फोनचा पडदाच बंद करू शकते. तिसरं जुन्या मालकाचं, म्हणजे त्याचं गुगल किंवा ॲपल खातं. दुकानदाराचं ‘हो’ बहुतेक वेळा पहिल्याच कुलपाबद्दल असतं. आपल्याकडे माणसं जास्त अडकतात ती दुसऱ्यात.

अमेरिकेत ग्राहक मोबाइल कंपनीकडूनच फोन घेतो आणि दोन-तीन वर्षं दरमहा बिलातून त्याचे पैसे फेडतो. तोवर फोन त्या कंपनीच्या सिमशी बांधलेला राहतो. भारतात ही पद्धत कधी रुजलीच नाही. इथे प्रीपेड कार्डाचं राज्य, आणि फोन वेगळा, कार्ड वेगळं. तरी अपवाद आहेत, आणि ते मुख्यतः स्वस्त फोनांत. २०१७ मध्ये १,५०० रुपये अनामत घेऊन आलेला जिओफोन, २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आलेला जिओभारत, हे फक्त जिओच्या कार्डावर चालणारे फोन. आईसाठी, आजोबांसाठी असा फोन घेताना किंमत पाहून भुलू नका. घरात कोणत्या कंपनीची रेंज येते ते आधी पाहा.

मोबाइल कंपनीच्या करारात हप्त्यावर घेतलेला फोन महाग पडतो का, हे अंदाजाने ठरवू नका, कागदावर बेरीज करा. २०२१ च्या दिवाळीत आलेल्या जिओफोन नेक्स्टचं उदाहरण त्यासाठी चांगलं आहे. रोख किंमत ६,४९९ रुपये. हप्त्यावर घेतला तर आधी १,९९९, प्रोसेसिंग फी ५०१, आणि सर्वांत छोट्या योजनेत २४ महिने ३०० रुपये. बेरीज ९,७००. म्हणजे रोख किमतीपेक्षा ३,२०१ रुपये जास्त, महिन्याला साधारण १३३ रुपये. त्या १३३ मध्ये महिन्याला ५ जीबी डेटा आणि १०० मिनिटं बोलणं मिळत होतं. आकडा पाहिला तर सौदा वाईट नव्हता. अडचण पैशाची नाही, बांधून घेण्याची आहे. दोन वर्षांत गावात दुसऱ्या कंपनीचा टॉवर आला, लेक नांदायला दुसऱ्या तालुक्यात गेली, तरी हप्ता त्याच कंपनीला जात राहतो. कुठलीही अशी योजना समोर आली की हीच रीत वापरा: आधी भरायची रक्कम, फी आणि सगळे हप्ते यांची बेरीज, त्यातून आजची रोख किंमत वजा, उरलेल्या रकमेला महिन्यांनी भाग. जो आकडा येईल तो त्याच कंपनीच्या साध्या रिचार्जशी ताडून पाहा.

दुकानातला हप्ता

आता खरी गर्दी असते तिथे येऊ. दुकानात ‘झिरो टक्के’, ‘नो कॉस्ट’, ‘८/२ स्कीम’ असे शब्द कानावर पडतात. ८/२ म्हणजे एकूण आठ हप्ते, त्यातले दोन आजच भरायचे. समजा फोन १८,००० चा आहे. हप्ता २,२५० रुपये. आज दोन हप्त्यांचे ४,५०० आणि प्रोसेसिंग फी ७९९ भरलीत. उरले सहा हप्ते, म्हणजे १३,५००. एकूण १८,७९९. आता त्याच काउंटरवर विचारा, ‘रोख दिले तर शेवटचा भाव काय?’ तो १६,८०० निघाला, तर फरक १,९९९ रुपयांचा. वरवर बघता हे बारा टक्के वाटतात. पण तुम्हाला खरं कर्ज मिळालं ते १६,८०० वजा ५,२९९, म्हणजे ११,५०१ रुपयांचं, आणि तेही सहा महिन्यांत दरमहा कमी होत जाणारं. हिशेब केला तर व्याज महिन्याला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास, वर्षाला ५७ टक्क्यांच्या घरात जातं. झिरो हा शब्द फक्त पाटीवर असतो. रोख भावातली सूट तुम्हाला मिळत नाही, ती व्याजाच्या जागी जाते. क्रेडिट कार्डावर शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं.

म्हणून दोन भाव वेगवेगळे विचारायचे, आणि रोख भाव आधी. हप्त्याची गोष्ट निघाल्यावर रोख भाव विचारला तर तो वाढलेला असतो. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यात व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. ‘नो कॉस्ट’मध्ये व्याजाइतकी सूट मिळाली तरी हा कर आपल्याच खिशातून जातो, हे लक्षात ठेवा.

सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना हा कागद बंधनकारक आहे. त्यात वार्षिक खर्चाचा एकच टक्का, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. व्याजदर नव्हे, हा आकडा वाचा. फी धरून खरा दर तिथेच दिसतो. त्याच कागदावर उशिराचा दंड आणि मुदतीआधी फेडण्याचे नियम असतात. कर्जाच्या फाइलमध्ये विमा, एक्स्टेंडेड वॉरंटी, हेल्थ कार्ड असं काही न विचारता घातलंय का, ते ओळ न् ओळ पाहा. नको असेल ते काढून द्यायला सांगा आणि हप्त्याचा आकडा पुन्हा काढून घ्या.

हप्त्याची तारीख हा आपल्या भागात फार मोलाचा मुद्दा आहे, आणि दुकानात तो कुणी विचारत नाही. पगारदाराच्या खात्यात एक तारखेला पैसे येतात, त्याला पाच तारखेचा हप्ता सोयीचा. ज्या घरात दुधाचं बिल दर दहा दिवसांनी जमा होतं, त्यांनाही जमून जातं. पण उसाच्या बिलावर, तासगावच्या बेदाण्यावर किंवा हळदीच्या सौद्यावर घर चालत असेल, तर पैसा वर्षातून दोन-तीनदाच येतो. अशा घराने मासिक हप्ता घेणं म्हणजे बाउन्सला निमंत्रण. खात्यात पैसे नसताना मॅन्डेट, म्हणजे हप्ता आपोआप कापण्याची मागणी, आली की फायनान्स कंपनी दंड लावते, बँक वेगळा आकार कापते, आणि नोंद सिबिलला जाते. पुढे ट्रॅक्टरच्या किंवा पीककर्जाच्या वेळी ती नोंद समोर येते. अशा घरांनी बिल आल्यावर फोन रोख घ्यावा, तोवर जुन्या फोनची बॅटरी बदलून घ्यावी. आमचं मत याबाबत पक्कं आहे.

हप्त्याचं कुलूप कसं काम करतं

फायनान्सवर फोन घेतला की दुकानदार बऱ्याचदा त्यात एक ॲप बसवतो, किंवा फोन कंपनीची स्वतःची व्यवस्था सुरू करतो. सॅमसंगमध्ये तिला नॉक्स गार्ड म्हणतात. ही साधी ॲप नसतात. फोन सुरू करतानाच त्यांना मालकाचे अधिकार दिलेले असतात, त्यामुळे फॅक्टरी रीसेट मारूनही जात नाहीत. हप्ता चुकला की आधी सूचना येतात, मग पडदा बंद होऊ शकतो. फाइल करतानाच विचारा: असं ॲप बसणार आहे का, किती दिवसांच्या थकबाकीवर फोन बंद होतो, बंद झाल्यावर आणीबाणीचे कॉल लागतात का, पैसे भरल्यावर किती वेळात उघडतो. उत्तर तोंडी नको, कागदावर हवं.

शेवटचा हप्ता गेला म्हणजे काम संपलं असं नाही. एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, मागून घ्या, मेलवर आली तरी छापून ठेवा. मग सेटिंग्जमध्ये सुरक्षिततेच्या विभागात डिव्हाइस ॲडमिन ॲप्सची यादी उघडा. तिथे फायनान्स कंपनीचं नाव दिसत असेल, किंवा सेटिंग्जमध्ये ‘हे डिव्हाइस तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित आहे’ अशी ओळ असेल, तर कुलूप अजून निघालेलं नाही. एनओसी दाखवून ते काढून घ्या. फोन विकायचा असेल तर हे आधीच करा, नाहीतर गिऱ्हाईक दोन दिवसांत परत येतं.

सेकंडहँड घेणाऱ्याने हीच ओळ पहिल्यांदा शोधायची. मग समोरच्याला त्याच्याच हाताने गुगल किंवा ॲपल खातं काढायला लावा, फोन रीसेट करा आणि पुन्हा सुरू करून पाहा. जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला, तर पैसे देऊ नका. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा. इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून तो १५ अंकी क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन ब्लॅकलिस्टमध्ये आहे का, हे उत्तरात कळतं. हीच तपासणी सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरही होते. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही तपासा.

परदेशातून आलेला फोन

अमेरिकेतला भाचा आयफोन पाठवतो, आणि इथे कार्ड घातलं की चालत नाही. बहुतेक वेळा तो तिथल्या कंपनीच्या हप्त्यावर घेतलेला असतो. एटी अँड टी किंवा टी-मोबाइलसारखी कंपनी पूर्ण पैसे फिटल्याशिवाय आणि ठरावीक दिवस वापर झाल्याशिवाय कुलूप काढत नाही, आणि हप्ते तीन वर्षांचेही असतात. ते कुलूप त्या कंपनीलाच काढता येतं, विनंतीही खातेदारानेच करायची. इथल्या दुकानात सिमखाली पातळ चिप घालून ‘अनलॉक’ करून देतात, पण पुढच्या अपडेटला ती बंद पडते. त्यावर पैसे घालवू नका.

फोन तिथून निघण्याआधीच तपासून घ्यायला सांगा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे कॅरिअर लॉकसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं हवं. अँड्रॉइडमध्ये दुसऱ्या कंपनीचं कार्ड घातल्यावर नेटवर्क अनलॉक पिन मागितला, तर तो बांधलेला आहे. कॅनडात डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून बांधलेले फोन विकायला बंदी आहे, तिथला नवा फोन सहसा निर्धोक असतो. अमेरिकी आयफोन १४ पासून पुढे कार्डाचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं सिम, चालतं. घरी आईवडिलांना कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायची सवय असेल, तर हा फोन त्यांना त्रासाचा होईल.

रेंज आणि बँड

फोन मोकळा असला तरी त्यात आपल्या खोऱ्यात पोचणारे बँड, म्हणजे रेडिओलहरींचे पट्टे, नसले तर उपयोग शून्य. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, डोंगराच्या आडही थोड्या पोचतात. १८००, २३०० आणि ३५०० च्या लहरी शहरात वेग देतात, पण कोयनेच्या खोऱ्यात, बामणोली-तापोळ्याकडे किंवा शिराळ्याच्या चांदोलीच्या बाजूला लवकर दमतात. फोनच्या तपशिलात ४जीचे बँड पाहा. जिओसाठी ३, ५ आणि ४०. एअरटेल आणि व्हीआयसाठी १, ३, ८ ही किमान गरज. बीएसएनएलच्या ४जीसाठी २८ आणि १. हा २८ जुन्या आणि स्वस्त फोनांत अनेकदा नसतो, आणि पश्चिमेकडच्या काही गावांत बीएसएनएलवाचून पर्याय नसतो. जिओचं ५जी गावाकडे नीट पकडायचं तर एन२८ आणि एन७८ हे ५जीचे दोन्ही बँड असावेत. खोक्यावर हे लिहिलेलं नसतं. कंपनीच्या संकेतस्थळावर नेमकं मॉडेल नंबरानिशी शोधा, कारण एकाच नावाच्या फोनचे देशागणिक बँड वेगळे असतात.

घरी, मळ्यात आणि गोठ्यात, तिन्ही ठिकाणी शेजाऱ्याच्या कार्डांवर रेंज पाहून घ्या. मगच कंपनी ठरवा.

फौजेत माणूस असलेल्या घरांनी, आणि अपशिंग्यासारख्या गावांत अशी घरं खूप आहेत, एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रातलं प्रीपेड कार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. तिथे गेल्यावर ज्या कंपनीची रेंज चौकीपर्यंत येते तिचं कार्ड घ्यावं लागतं. म्हणून जवानासाठी मोकळा, दोन सिमचा फोनच घ्यावा. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी विट्याहून, आटपाडीहून परराज्यात जाणाऱ्यांनाही हेच लागू. जुलै २०१५ पासून नंबर देशभर पोर्ट होतो, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलता येते, पण बांधलेल्या फोनमध्ये तो नंबर नव्या कंपनीकडे गेला की फोन बंद पडल्यासारखाच.

पोर्ट करायचा तर इंग्रजीत पोर्ट, एक जागा आणि आपला नंबर असा एसएमएस १९०० वर पाठवा. येणारा कोड आपल्या सर्कलमध्ये चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं, आणि नुकतंच कार्ड बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं.

पैसे देण्याआधी काउंटरवर

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची चालू कार्डं सोबत न्या. खोक्याचं सील तुमच्यासमोर फोडायला लावा. खोक्यावर एमआरपी आणि भारतातल्या कंपनीचा पत्ता नसेल, तर तो आयात मार्गाने आलेला फोन आहे, इथली वॉरंटी मिळेलच असं नाही. *#०६# चे क्रमांक खोक्याशी आणि बिलाशी जुळवा. दोन्ही कार्डं आलटून पालटून दोन्ही जागी घाला, प्रत्येकावरून कॉल लावा, वायफाय बंद करून डेटा चालवा. कॉल चालू असताना ४जी जाऊन २जी दिसायला लागलं, तर त्या कार्डावर व्होल्टी, म्हणजे ४जीवरून होणारा कॉल, चालत नाही. जिओच्या कार्डावर तर व्होल्टीशिवाय साधा कॉलच लागत नाही. बिल जीएसटीचं, तुमच्या नावाचं, आयएमईआय छापलेलं घ्या. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन संचार साथीवर तो बंद करताना हेच बिल उपयोगी पडतं, म्हणून त्याचा फोटो फोनमध्ये नव्हे, घरच्या दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये ठेवा.