जुनी वास्तू लग्नासाठी ठरवण्याआधी

गावाबाहेरची ऐतिहासिक वास्तू लग्नासाठी पाहायला गेलात की कोरीव खांब नंतर बघा, आधी विजेचा बोर्ड बघा. जुन्या वायरिंगवर केटरर, लाइट आणि साउंड या तिघांचा भार एकदम येतो. ३ किलोवॉटचा पाण्याचा एकच बॉयलर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर खेचतो. असे दोन एका सर्किटवर लावले की ऐन पंगतीत अंधार. म्हणून मंजूर भार किती किलोवॉट, हे लेखी घ्या आणि तिघांचीही गरज मागवून बेरीज करा. कमी पडत असेल तर जनरेटर. तो कुठे उभा राहील आणि धूर मांडवात येईल का, हे जागेवरच ठरवा.

मालक सांगतो ती पाहुण्यांची संख्या बऱ्याचदा बाग धरून असते. पाऊस आला तर छपराखाली किती मावतील, हा खरा आकडा. वरच्या मजल्याची जमीन लाकडी तुळयांवर असेल तर नाचगाणं तिथे नकोच. एका तालात उड्या मारणाऱ्यांचा भार नुसत्या उभ्या गर्दीपेक्षा कितीतरी जास्त बसतो.

भिंतीला खिळा, चिकटपट्टी, उघडी ज्योत यांवर अशा ठिकाणी बंदी असू शकते, तेव्हा सजावटवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधीच सोबत न्या. फाटकाची रुंदी आणि कमानीची उंची टेपने मोजा. ट्रक आत शिरला नाही तर सगळं सामान हातगाडीवरून न्यावं लागेल आणि मजुरी वाढेल ती वेगळीच.