मासे सारखे आजारी पडतायत? औषधाआधी या चुका टाळा

"पाणी तर काचेसारखं साफ हाय, मंग मासे का मरायलेत?" नवा फिश टँक घेतलेल्या माणसाकडून हा प्रश्न हमखास येतो. दुकानातून निळं औषध आणलं जातं, चार दिवस मासे बरे दिसतात आणि महिना उलटायच्या आत पुन्हा कुणाची तरी शेपटी कुजायला लागते. पुन्हा तेच औषध. आजार असा फिरून फिरून येत असेल, तर त्याला बोलावणारी गोष्ट टँकमध्ये किंवा आसपास तशीच राहिलेली असते. ती सापडेपर्यंत बाटल्या बदलून उपयोग नाही.

ती शोधायला आधी कॅलेंडर हाती घ्या. आपल्याकडे मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी नळाला रोज पाणी येत नाही. कुठे चार दिवसांनी, कुठे आठवड्याने येतं आणि मधल्या दिवसांत बोअर, टँकर, हौद, जार यांवर घर चालतं. त्यामुळे एकाच महिन्यात टँकमध्ये तीन-चार तऱ्हेचं पाणी पडतं आणि ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. पाणी कधी बदललं, कुठलं घातलं, वीज किती वेळ गेली, नवा मासा कधी आणला, कुठला मासा कधी सुस्त दिसला, एवढं त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहा. दोन-तीनदा आजार येऊन गेला की त्याच्या आधी दरवेळी काय घडलं होतं ते नजरेत भरतं.

मासे कसे आजारी पडले हेही लिहा. सगळेच काही तासांत वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर ते दुखणं पाण्याचं: क्लोरीन, अमोनिया (माशांच्या घाणीतून तयार होणारं विष), प्राणवायूची कमतरता किंवा बाहेरून आलेलं विष. एकामागून एक, दिवसांच्या अंतराने लागण होत गेली, तर संसर्ग. एकाच माशाचे पंख वारंवार फाटत असतील, तर औषध शोधण्याआधी त्याला चावणारा सोबती शोधा.

विष म्हटलं की लोक चमकतात, पण ते घरातच असतं. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. त्याच खोलीत रात्रभर डास मारायचं लिक्विड चालू असेल, तर तेही पाण्यात उतरतं. अशा औषधांत पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशकं असतात आणि माशांना ती फार घातक आहेत. कपाशी-सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत शेतावरून आलेले हात साबणाने धुतल्याशिवाय टँकमध्ये घालू नका. फवारणीची बादली तर टँकसाठी कधीच वापरू नका.

आता सगळ्यात जास्त फसवणारी चूक. जारचं पाणी शुद्ध म्हणून काही जण फिश टँक नुसत्या त्याच पाण्याने भरतात. जारचं पाणी बहुधा आरओ मशीनने गाळलेलं असतं आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे माशांच्या घाणीने पीएच (पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा; तो कमी तेवढं पाणी जास्त आम्ल) हळूहळू खाली जातो. कमी पीएचला फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणूही मंदावतात आणि अमोनिया साठतो. पण त्या पीएचला तो बहुतांशी सौम्य रूपात असल्याने मासे कसेबसे तग धरतात. मग एक दिवस जार मिळत नाही आणि बोअरच्या दोन बादल्या ओतल्या जातात. आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बहुधा जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, असतं, पीएच पुष्कळदा ८ च्या आसपास. २५ अंश तापमानात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तो ५ टक्क्यांच्या वर जातो. साठलेली घाण तेवढीच, पण विष जवळपास दहापट. सकाळी कल्ले लालभडक, पंख अंगाला चिकटलेले, आणि घरात चर्चा 'कुठला रोग आला' याची.

हे पकडायला थेंबांचं अमोनिया किट घ्या. पाण्यातले एकूण क्षार मोजणारा टीडीएस मीटर इथे कामाचा नाही, तो अमोनिया दाखवत नाही. साधारणपणे किटच्या नळीत पिवळा रंग राहिला तर ठीक, हिरवट झाला तर अमोनिया आहे. टँकचं पाणी तपासाच, पण बोअरचं कोरं पाणीही तपासा आणि त्यातला नायट्रेटही (खत-सांडपाण्यातून येणारा क्षार) बघा; कधी कधी खोट मुळातच असते.

उपाय साधा आहे: पाणी कुठलंही वापरा, पण एकच प्रमाण ठरवा. बोअर आणि जार निम्मं-निम्मं ठरवलं तर ते ड्रममध्ये मिसळून ठेवा आणि दर आठवड्याला टँकचं पाव पाणी त्यानेच बदला. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यात बहुधा टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकलेलं असतं, म्हणून त्याला अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन घालवणारं औषध, हवंच. माझं स्पष्ट मत आहे की बोअरवर अवलंबून असलेल्या घरात गप्पी, मॉली, प्लॅटी हे मासे ठेवावेत. त्यांना जड पाणी मानवतं. कमी क्षारांचं पाणी लागणाऱ्या डिस्कसचा हट्ट इथे माशाला महागात पडतो.

उन्हाळ्यात काचेवर पाण्याच्या कडेने पांढरी रेघ चढलेली दिसेल. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. नुसती भर घालत राहिलात तर क्षार वाढतच जातात, म्हणून आधी जुनं पाणी काढा. मे महिन्यात प्राणवायूचीही अडचण होते: २० अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३२ ला जेमतेम ७. दुपारी खाणं निम्म्यावर आणा, एअर पंप बंद करू नका आणि वीज जाते तिथे बॅटरीवरचा पंप ठेवा.

फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुणं ही घरोघरची चूक. अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच स्पंजात राहतात आणि क्लोरीनने ते मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा, बस्स. नव्या टँकमध्ये हे जिवाणू जमायला ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर मासे कमीच ठेवा.

पांढऱ्या ठिपक्यांचा आजार परततो तो बहुधा औषध लवकर थांबवल्यामुळे. ठिपका म्हणजे एक परजीवी. तो गळून तळाशी पडतो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पोहत मासा शोधतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या अवस्थेवर. २५ अंशाच्या वर हे चक्र आठवड्याच्या आत फिरतं, पण परभणी-नांदेडकडच्या डिसेंबरच्या थंडीत, हीटर नसेल तर, ते कितीतरी लांबतं. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही पाकिटावरच्या मात्रेने काही दिवस औषध चालू ठेवा, हिवाळ्यात आणखी जास्त. आणि नवा मासा आणलात की त्याला किमान २ आठवडे वेगळ्या टबात ठेवा. त्या टबाची जाळीही वेगळीच असू द्या.