ईमेलमध्ये आणि रिमाइंडरमध्ये आपला आवाज कसा टाकायचा

लांबलचक टाईप करण्यापेक्षा बोलून पाठवलेलं कधीकधी जास्त नीट कळतं, म्हणजे नावाचा उच्चार कसा करायचा किंवा एखादी सूचना नेमकी कुठे जोर देऊन सांगायची हे लिहून कळतच नाही.

फोनच्या रेकॉर्डरमध्ये बोला, सेव्ह करा, मग शेअर दाबून जीमेल निवडा, फाईल आपोआप अटॅच होते. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण ६४ केबीपीएसची (म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, आवाजाचा दर्जा) एमपी३ फाईल मिनिटाला जेमतेम अर्धा एमबी घेते त्यामुळे साध्या बोलण्यासाठी काळजी नको. वेव (WAV, न दाबलेल्या आवाजाची) फाईल मात्र टाळा, फार जड होते.

मेलच्या आतच प्ले बटण दिसावं म्हणून एचटीएमएलचा (वेबपेजच्या कोडचा) ऑडिओ टॅग टाकायच्या भानगडीत पडू नका, ॲपल मेलमध्ये चालतो पण जीमेल तो काढून टाकतं. त्यापेक्षा फाईल गूगल ड्राइव्हवर चढवून लिंक द्या आणि शेअरिंगमध्ये समोरच्याला परवानगी दिलीय ना ते नक्की बघा, नाहीतर त्याला ॲक्सेस मागत बसावं लागतं.

रिमाइंडरचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्ट टू डू या कामांच्या यादीच्या ॲपमध्ये टास्क उघडून फाईल जोडता येते, गूगल टास्क्समध्ये तपशिलात लिंक पेस्ट करायची. फाईलला "रेकॉर्डिंग ७" असलं नाव ठेवू नका, "सोमवार मीटिंग, तीन मुद्दे" असं ठेवा. आणि मेलमध्ये खाली दोन ओळींत सारांश लिहाच, ज्याला ऐकू कमी येतं किंवा जो गर्दीत आहे त्याचाही विचार करायला हवा ना.